विरलेलं आणि धडधाकट

जुन्या रेशमाचे नवे कपडे ही आजची टूम मुंबईच्या पारशी बायकांना नवी नाही. त्यांच्या पेटाऱ्यांतल्या ‘गारा’ साडीवरचं भरतकाम मुळात चिनी. एकोणिसाव्या शतकात पारशी व्यापारी अफू आणि कापूस घेऊन कँटनला जात आणि येताना चहा, रेशीम आणत. जमशेटजी जीजीभॉय यांचा पैसा याच व्यापारातला. (गाराच्या कौतुकात अफू बहुधा गाळली जाते.) सारस, फुलपाखरं, पूल, पॅगोडे असं सगळं त्या साड्यांवर आलं. ठिपक्यांच्या एका नक्षीला पारशिणींनी खुशाल ‘कांदा-पपेटा’, म्हणजे कांदा-बटाटा, म्हणून टाकलं!

या साडीचं कापड विरलं, की भरलेला काठ, म्हणजे ‘कोर’, उसवून नव्या रेशमावर लावायची रीत होती. कापड गेलं, तरी काम राहिलं.

खुद्द चीनमध्ये उलटं घडलं. 1912 मध्ये चिंग राजवट संपली आणि दरबारी झगे मिळेल त्या भावाने विकले गेले. पाश्चात्त्य बायकांनी ते पार्टीला कोट म्हणून घातले, बाह्यांच्या भरलेल्या पट्ट्या सुट्या करून चौकटींतही लावल्या. झगे धड होते. कापायची गरज नव्हती.

आता पैठणीची पाळी आहे. आजीच्या पैठणीचं जाकीट, पर्स, लेकीचा घागरा. जुन्या पैठणीच्या जरीत चांदीची तार असे. चांदीसाठी कितीतरी साड्या भट्टीत गेल्या. त्या मानाने जाकीट बरं, हे खरं. पण पदर शाबूत असलेली साडी मधोमध कापणं ही हौस नव्हे, नासाडी आहे.

हे कळायला मराठवाड्यातल्या भूमच्या बाईला कुणा डिझायनरची शिकवणी नको. तिकडे लुगडं विरल्यावरच वाकळेत जायचं, धड असताना नाही. तोच नियम रेशमाला लावावा.

म्हणून शिंप्याकडे जाण्याआधी साडी उजेडात पूर्ण उलगडून पाहा. घडीवर चिरली असेल, तर काठ-पदर सोडवा, मागे सुती अस्तर लावा, खुशाल जाकीट शिवा. धड असेल, तर नेसा. आणि साडी कुणाची, कोणत्या लग्नातली, हे सांगणारं माणूस घरात असेतोवर एका चिठ्ठीवर लिहून ठेवा.