दसऱ्याचे पुरण कोणत्या रानातले?



घट बसले असतील. सोयाबीनची काढणी अंगावर आली असेल, मजूर मिळत नसतील, आणि त्यातच घरच्या बायकांनी घर झाडून, गोधड्या धुऊन दसरा काढला असेल. अशा गडबडीत रोगाच्या आणि किडीच्या गोष्टी कोण वाचणार? म्हणून आज चुलीपासून सुरुवात करू. बोलणे शेवटी रानातच जाणार आहे, हे मात्र आधीच सांगून ठेवतो.

गेल्या दसऱ्याची गोष्ट. आमचे घर सातारा जिल्ह्यातले. जमीन ६ एकर. थोरले बंधू शेती बघतात, मी नोकरीपायी तालुक्या-तालुक्याने फिरलो. पण दसऱ्याला सगळे गावी, हा वडिलांपासूनचा रिवाज. लहानथोर धरून पानाला १४ माणसे.

वहिनींनी पहाटे ५ वाजता डाळ शिजत घातली. ९ वाजले तरी अर्धी डाळ मऊ आणि अर्धी टणक. आमच्या मंडळींनी कुकर काढला. शिट्ट्या मोजता मोजता मऊ होती तिचा लगदा झाला, टणक होती ती तशीच राहिली. पुरणयंत्रात कण्या अडकू लागल्या. पुरण सैल झाले, पोळी लाटताना फुटू लागली. घटाच्या नैवेद्याची वेळ झालेली, पोरे भुकेने कावलेली, आणि वहिनींच्या डोळ्यांत पाणी. चूक त्यांची काहीच नव्हती.

आई ८० च्या पुढची. तिने परातीतली चिमूटभर डाळ बोटांनी चुरडून पाहिली आणि विचारले, “ही डाळ कुठल्या रानातली रं?”

दादा म्हणाला, “बाजारातली.”

“बाजाराला रान असतंय व्हय?”

कुणीच काही बोलले नाही.

पानावर बसल्यावर मी मनात मांडणी केली. डाळ विकतची. गहू विकतचा. गूळ विकतचा, आणि ऊस तर आमचा २ एकर, तो जातो कारखान्याला. भज्यांचे तेल विकतचे, आणि सोयाबीन ३ एकर, ते जाते अडत्याकडे. उरल्या रानात वैरण. घरचे काय, तर कांदा, कोथिंबीर आणि म्हशीचे दूध-तूप. शेतकऱ्याच्या घरचा सण, आणि पोळीत आपल्या रानातला एक दाणा नाही!

माझा चुकलेला हिशेब

आता खरे सांगतो. आमच्या घरामागे ओढ्याच्या कडेला २० गुंठ्यांचा तुकडा आहे. वडील असेपर्यंत त्यात रब्बीला हरभरा आणि कडेने करडई असायची. १२ वर्षांपूर्वी दादाने मला विचारले, काय करू? मी कागद-पेन्सिल घेऊन एकरी उत्पन्न मांडून दाखवले. तो तुकडाही उसात गेला.

बेरीज-वजाबाकी बरोबर होती. पण घरात खायच्या हरभऱ्याची किंमत मी विकायच्या भावाने धरली होती. आपण ज्या भावाने हरभरा घालतो, त्या भावाने डाळ आपल्याला कोण देतो? मध्ये अडत आहे, हमाली आहे, गिरणी आहे, गाडीभाडे आहे, दुकानदार आहे. जे विकायचे त्याचा हिशेब विकायच्या भावाने करावा, आणि जे घरात खायचे त्याचा विकत घ्यायच्या भावाने. ही साधी गोष्ट मी शेतीची पदवी घेऊनही विसरलो. २०२४ च्या हंगामात सोयाबीनला ४,८९२ रुपये हमीभाव होता आणि बाजारात पुष्कळांना त्याहून कमी मिळाले, हे तुम्हाला मी सांगायला नको. विकताना पडत्या भावाने आणि घेताना दुकानाच्या भावाने, असा दोन्हीकडून मार बसतो.

जेवणे झाल्यावर हे दादापुढे बोललो. तो म्हणाला, “तुला कागदावर सोपं हाय. थोडक्या रानाला येगळं पाणी, येगळी भांगलण. घाटे भरले की येणारा-जाणारा उपटतोय. त्यापरास बाजार बरा.” त्याचेही खोटे नव्हते. म्हणून आम्ही २० गुंठ्यांचा हट्ट धरला नाही. वर्षाला घराला किती डाळ लागते, हे वहिनींना विचारले. त्यांनी बेसन धरून ४० किलो सांगितले. आम्हा दोघा भावांना तो आकडा माहीतच नव्हता! तेवढ्यासाठी ५ गुंठे पुरे होतात. त्या तुकड्यातल्या उसाचा खोडवा तुटून रान मोकळे झालेच होते. तिथेच, घराच्या नजरेतले ५ गुंठे धरले.

पाच गुंठ्यांची पेरणी

बागायती हरभरा २० ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर या दरम्यान पेरावा. जिरायत असेल तर ओल उडायच्या आत, १० ऑक्टोबरपर्यंत उरकावा. आम्ही राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा ‘विजय’ वाण घेतला. हा वाण मर रोगाला दाद देत नाही. ५ गुंठ्यांना साडेतीन किलो बी लागले. पेरणीआधी किलोला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळले, मग रायझोबियम गुळाच्या थंड पाण्यातून लावून बी सावलीत सुकवले. दोन ओळींत ३० सेंटिमीटर आणि दोन रोपांत १० सेंटिमीटर अंतर ठेवले. डीएपी सव्वासहा किलो दिले. पाणी बेताचेच दिले, कारण हरभऱ्याला पाणी जास्त झाले की तो माजतो आणि उबळतो.

ज्यांचे सगळे रान उसात आहे त्यांनीही निराश होऊ नये. पूर्वहंगामी उसाची लागण याच दिवसांत असते. सरीच्या बगलेला हरभरा टोकून घेता येतो, आणि ऊस मोठा होईपर्यंत तो निघूनही जातो.

मळणी होऊन ७२ किलो हरभरा घरात आला. ४ किलो बियाण्याला, थोडा उसळीला ठेवला आणि बाकीच्याची डाळ केली. पाण्याचा हात लावून रात्रभर ओल्या पोत्याखाली दडपला, कडक ऊन दिले आणि भरडला. डाळ लवकर करून ठेवण्यात एक फायदा आहे. कडधान्यातला भुंगा अख्ख्या दाण्यावर अंडी घालतो, फुटलेल्या डाळीला तो सहसा लागत नाही. बियाण्याच्या हरभऱ्याला मात्र चुलीची चाळलेली राख चोळून डबा घट्ट लावावा.

होळीला त्यातली पहिली डाळ शिजली. दसऱ्यासाठी आईने दीड किलो वेगळी बांधून ठेवली आहे.

पुरण बिघडू नये म्हणून

विकतची डाळ घ्यावी लागली तरी काही गोष्टी सांभाळाव्या. जुनी आणि नवी डाळ एकत्र शिजवू नये, जुनीला वेळ जास्त लागतो. बोअरचे पाणी जड असेल तर त्यात डाळ शिजत नाही. असे पाणी आधी खळखळून उकळावे, निवू द्यावे आणि वरचे निवळ पाणी वापरावे. डाळ तास-दोन तास भिजत घालावी. शिजताना हळद आणि चमचाभर तेल घालावे. डाळ बोटाने दाबली की पीठ झाली पाहिजे, तोपर्यंत गूळ घालू नये. गूळ आधी पडला की डाळ दडस राहते. सोडा टाकायचा मोह टाळावा, त्याने चव जाते आणि डाळीतले ‘ब’ जीवनसत्त्वही जाते.

कट काढून आमटीला ठेवावा. डाळीइतकाच गूळ घालून आटवावे. उलथने पुरणात उभे राहिले की उतरवावे आणि गरम असतानाच वाटावे. कणीक वस्त्रगाळ पिठाची, मीठ-तेल घालून सैल तिंबलेली आणि दोन तास मुरलेली असावी. बरोबर गुळवणी, कटाची आमटी, भजी आणि कुरडई. यापुढे वहिनी-मावश्यांना मी काय शिकवणार!

पुरुष मंडळींना मात्र एक सांगतो. १४ माणसांच्या पोळ्या म्हणजे एकटीने पहाटेपासून दुपारपर्यंत धगीपुढे बसणे. होळीला पुरणयंत्राचा दांडा पुतण्याने आणि मी आळीपाळीने फिरवला. दादाने भजी तळली. दोन घाणे करपले, पण वहिनी सगळ्यांबरोबर पानावर बसल्या. त्या घरात आल्यापासून असे पहिल्यांदाच घडले, हे आईने सांगितले तेव्हा आम्हाला कळले. मळणीयंत्रावर उभा राहणाऱ्या गड्याला पुरणयंत्र जड नाही.

जाता जाता घटाकडे बघा. घटाभोवती पेरलेले धान कसे उगवले आहे ते पाहा. आपल्या वाडवडिलांनी देवापुढे बियाणे पारखायचीच सोय करून ठेवली आहे. नेमके पाहायचे असेल तर पेरायच्या हरभऱ्याचे १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. आठवड्यात ८५ च्या वर उगवले तर बी चांगले समजा.

दसऱ्याला ते धान टोपीत खोवाल, आपट्याचे सोने लुटाल आणि पानावर बसाल. तेव्हा पहिला घास घेण्याआधी घरातल्या पोरांना विचारा, यातले आपल्या रानातले काय? उत्तर थोडे आले तर वाईट वाटून घेऊ नका. पेरणीचे दिवस पुढेच आहेत, आणि ५ गुंठे सगळ्यांकडे निघतात.

सोने घ्या, सोन्यासारखे राहा.