पडदा अंधारतो तेव्हा

कापडाच्या एका जुन्या पेढीचे मालक वयाची सत्तरी ओलांडूनही दिवसभर लॅपटॉपवरील हिशेब सहज वाचत असत. घरात चौविहाराचा नियम. त्यामुळे सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपून ते ओसरीवर बसत. तोच लॅपटॉप समोरच्या चौरंगावर ठेवून आधी दिवसभराची बिले ताडून पाहत आणि मग स्वाध्यायासाठी एखाद्या ग्रंथाची पाने उघडत. गेल्या चातुर्मासात मात्र हा क्रम हळूहळू खंडित झाला. सायंकाळी आकडे पुसट दिसू लागले. एका बिलातील 3,350 ही रक्कम त्यांनी 8,350 अशी वाचली आणि व्यापाऱ्याला उगाच फोन गेला. त्या दिवसानंतर ते सुनेला म्हणाले, “बेटा, आता हिशेब तूच पाहत जा. माझे डोळे थकले.”

चाळीस वर्षे ज्या हातांनी रोजमेळ जुळवला, ते हात असे रिकामे होणे ही लहान गोष्ट नव्हती. सुनेने वाद घातला नाही. मात्र एक प्रश्न तिच्या मनातून जाईना. डोळे तेच आणि लॅपटॉपही तोच. मग दुपारी पेढीवर दिसणारे आकडे सायंकाळी ओसरीवरच का दिसत नाहीत? दुसऱ्या दिवशी तिने ओसरीवर चार्जरची वायर आणून जोडली. पडदा तत्काळ उजळला. ती म्हणाली, “बाबा, डोळ्यांना दोष देण्याआधी या यंत्राची तपासणी करू.”

लॅपटॉपचा पडदा आपोआप अंधारतो तो एकाच कारणाने नव्हे. त्यामागे निरनिराळ्या सोयी असतात आणि त्यांतील बहुतेकांचा हेतू बॅटरी वाचविणे हा असतो. म्हणून प्रथम पडदा केव्हा अंधारतो हे पाहावे. त्यावरून कारण कळते.

चार्जर काढताच पडदा मंद होत असेल, तर कारण बॅटरीशी निगडित असते. विंडोज 11 मध्ये ‘सेटिंग्ज’, त्यात ‘सिस्टीम’ आणि त्यात ‘पॉवर अँड बॅटरी’ येथे बॅटरी बचतीचा विभाग आहे. आवृत्तीनुसार त्याचे नाव ‘बॅटरी सेव्हर’ किंवा ‘एनर्जी सेव्हर’ असे दिसते. बचत सुरू असताना पडद्याचा उजेड कमी करावा, अशी एक खूण तेथे असते. ती काढली की बॅटरी उतरत आली तरी अक्षरे पुसट होत नाहीत.

खोलीतील उजेड बदलताच पडदा बदलत असेल, तर ते काम प्रकाश ओळखणाऱ्या संवेदकाचे असते. संध्याप्रकाश ओसरू लागला की तो पडद्याचे तेजही उतरवतो. तरुण डोळ्यांना हे सुखद वाटते, परंतु वृद्ध डोळ्यांना वाचनासाठी अधिक उजेड लागतो, हे यंत्राला ठाऊक नसते. ‘सिस्टीम’मधील ‘डिस्प्ले’ या विभागात ‘ब्राइटनेस’च्या पट्टीशेजारचा लहान बाण दाबला असता या सोयीची खूण दिसते, ती काढून टाकावी. ज्या लॅपटॉपला असा संवेदक नाही, त्यात ही खूण दिसणारच नाही.

पांढऱ्या पानावरून काळसर पानावर जाताना तेज वरखाली होत असेल, तर यंत्र पडद्यावरील मजकूर पाहून उजेड ठरवीत असते. त्याच बाणाखाली मजकुरानुसार उजेड बदलण्याचा पर्याय असतो. तेथे ‘ऑफ’ निवडावे. एवढ्याने फरक पडला नाही, तर चित्रनियंत्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये पाहावे. ‘इंटेल ग्राफिक्स कमांड सेंटर’मध्ये ‘सिस्टीम’ व त्यातील ‘पॉवर’ येथे ‘डिस्प्ले पॉवर सेव्हिंग’ ही सोय असते. एएमडीच्या यंत्रांत तिला ‘व्हेरी-ब्राइट’ म्हणतात. पुष्कळदा विंडोजमधील सर्व खुणा काढूनही पडदा मंदावतो, त्याचे कारण येथे दडलेले असते.

ॲपलच्या मॅकबुकवर ‘सिस्टीम सेटिंग्ज’मधील ‘डिस्प्लेज’ येथे उजेड आपोआप बदलण्याची सोय बंद करता येते. चार्जर काढल्यावर पडदा किंचित मंद करणारा पर्याय मात्र ‘बॅटरी’ विभागातील ‘ऑप्शन्स’मध्ये वेगळा असतो. दोन्ही पाहावेत.

राहिले शेवटचे कारण. एकच पान शांतपणे वाचत असता, कळांना स्पर्श न झाल्यामुळे काही मिनिटांनी पडदा मंदावतो आणि मग विझतो. यंत्राच्या समजुतीने समोर कोणीच नसते. विंडोजमध्ये ‘पॉवर अँड बॅटरी’ येथेच पडदा विझण्याची मुदत ठरवता येते. चार्जर जोडलेला असताना वेगळी आणि बॅटरीवर चालताना वेगळी. तेथे ‘नेव्हर’, म्हणजे कधीच विझू नये, असाही पर्याय आहे आणि तोच निवडण्याचा मोह होतो.

सुनेलाही तो झाला. सासऱ्यांनी तिला थांबविले. “मी सामायिकाला बसलो की 48 मिनिटे या यंत्राला हात लावणार नाही. तेवढा वेळ हा पडदा कोणासाठी जळत राहणार?” त्यांचा प्रश्न साधा होता, पण त्यात जयणेचे सर्व सार आले होते. वापरासाठी उजेड हवा. वापर नसताना तो चालू ठेवणे हा प्रमाद. शिवाय पेढीवर नोकर, ग्राहक, दलाल यांची सतत ये-जा असते. कोणाची किती उधारी आहे, कोणाला कोणता भाव दिला आहे, हे सांगणारा पडदा मालक उठून गेल्यावरही उघडा राहणे व्यवहारालाही धरून नाही.

म्हणून दोघांनी मधला मार्ग काढला. उजेड आपोआप कमी करणाऱ्या साऱ्या खुणा काढल्या. पडदा विझण्याची मुदत मात्र ‘नेव्हर’ न करता चार्जरवर 30 मिनिटे आणि बॅटरीवर 15 मिनिटे ठेवली. एक पान मन लावून वाचायला तेवढा वेळ पुरेसा होता. जागेवरून उठताना विंडोजचे चिन्ह असलेली कळ व ‘एल’ ही कळ एकत्र दाबून पडदा बंद करण्याची सवय सासऱ्यांनी लावून घेतली. मॅकवर हेच काम ‘कंट्रोल’, ‘कमांड’ व ‘क्यू’ या तीन कळा एकत्र दाबून होते.

यंत्राचा दोष सापडला म्हणून सुनेने डोळ्यांची तपासणी टाळली नाही. मोतीबिंदूही असाच हळूहळू दृष्टी पुसट करतो आणि त्याची चाहूल माणसाला उशिरा लागते. तपासणीत चष्म्याचा क्रमांक थोडा बदललेला आढळला. बाकी दृष्टी वयाच्या मानाने चांगली होती.

त्यानंतरच्या महिन्यात जीएसटीच्या विवरणपत्राची 20 तारीख जवळ आली, तेव्हा ओसरीवर पुन्हा चौरंग मांडला गेला. सून एकेक रक्कम वाचत होती आणि सासरे पडद्यावर ताडून पाहत होते. एका बिलाशी ते थांबले. “हे दोनदा चढले आहे,” ते म्हणाले. सुनेने पाहिले; खरोखरच नोंद दोनदा झाली होती. तिने ती दुरुस्त केली आणि लॅपटॉप त्यांच्याकडे थोडा अधिक वळवून ठेवला.