विंगेपर्यंत रॅम्प

अपंग कलाकार मंचावर आला की आपण लगेच टाळ्या वाजवतो. ‘केवढी जिद्द!’ म्हणतो आणि घरी जातो. नाच कसा झाला, याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. या कौतुकाची मला मनापासून चीड येते.

म्हणून आज ‘कायनेटिक लाइट’ या अमेरिकी नृत्यसंस्थेच्या ‘डिसेंट’बद्दल लिहायचं आहे. 2018 सालचा हा प्रयोग ॲलिस शेपर्ड आणि लॉरेल लॉसन या दोघींचा. दोघीही व्हीलचेअर वापरतात. शेपर्ड आधी मध्ययुगीन साहित्याच्या प्राध्यापक होत्या. एका पायावर नाचणारे होमर ॲव्हिला यांनी त्यांना ‘नाचाच्या एका वर्गाला बसून तर बघ’ असं डिवचलं. त्या बसल्या आणि पुढे नोकरीच सोडली. ‘डिसेंट’मधली व्हीनस आणि अँड्रोमेडा ही जोडी शिल्पकार रोदँच्या एका शिल्पातून आली आहे. दोन स्त्रियांचं प्रेम, शरीराची ओढ न लपवणारं.

मंचावर एक मोठा रॅम्प आहे, चढउतारांचा, वळणांचा. सरकारी कचेरीच्या दाराशी नाइलाजानं ओतलेल्या सिमेंटशी त्याचं काही नातं नाही. उतार लागला की चाकं सुसाट सुटतात, चढावर दंड भरून येतात. एका क्षणी लॉसन खुर्चीसकट अधांतरी असते: हात पसरलेले, चाकं गरगरताहेत, मागे ताऱ्यांनी भरलेलं आकाश. तिचा सगळा भार खाली शेपर्डनं पेललेला असतो. काळजी घेणारा धडधाकट आणि जिची काळजी घेतली जाते ती व्यक्ती अपंग, ही आपली ठरलेली वाटणी इथे चालत नाही. मंचावर धडधाकट कुणी नाहीच. प्रकाशयोजना करणारे मायकेल मागसुद्धा व्हीलचेअर वापरणारे.

प्रेक्षकांची काळजीही अशीच घेतली आहे. अंध प्रेक्षकांसाठी ‘ऑडिमान्स’ नावाचं ॲप आहे. त्यात कोरडं वर्णन सांगणारा एकच आवाज नसतो. हालचालींचं वर्णन, कविता, ध्वनी असे वेगवेगळे ट्रॅक असतात आणि काय ऐकायचं हे प्रेक्षक स्वतः ठरवतो. ही सोय मागाहून चिकटवलेली नाही, ती कलाकृतीचाच भाग आहे. मला हे प्रयोगाइतकंच मोलाचं वाटतं.

आपल्या नाट्यगृहांच्या व्यवस्थापकांना आणि एकांकिका स्पर्धांच्या आयोजकांना माझी एकच कळकळीची विनंती आहे. रॅम्प प्रेक्षागृहाच्या दाराशी थांबवू नका, तो विंगेपर्यंत न्या.