निकस पाणथळाचे मोल
पिकास खत हवे. परंतु हा नियम सर्व वनस्पतींस लागू पडत नाही. सातारा जिल्ह्यातील कासच्या जांभ्या सड्यावर पावसाळ्यात दवबिंदू व सीतेची आसवे या कीटकभक्षी वनस्पती उगवतात. उथळ मातीतील नत्राची उणीव त्या कीटकांपासून भरून काढतात. खत पडल्यास गवत माजून त्या दडपल्या जातात. शाळेच्या बागेत तळे व पाणथळ वाफा करावयाचा असल्यास वाळूमिश्रित निकस माती, साठविलेले पावसाचे पाणी व भरपूर ऊन द्यावे; विहिरीचे क्षारयुक्त पाणी टाळावे. रोपे रोपवाटिकेतील असावीत, सड्यावरून उपटू नयेत. कास २०१२ पासून जागतिक वारशाचा भाग आहे. गावालगतचा सडा पडीक समजून त्यावर माती व खत पसरणे ही सुधारणा नव्हे, हानी होय, हे ग्रामसेवकांनी शेतकऱ्यांस पटवून द्यावे.