साबण आहे की!



‘मुलांना फार्मवर नेऊच नका’ हा गेल्या अंकातील पत्रलेखिकेचा सल्ला पटला नाही. भीती खोटी नव्हे. २००९ मध्ये सरे परगण्यातल्या एका फार्मवरून ९३ जणांना ई. कोलायची बाधा झाली, त्यात बरीच चिमुरडी होती. हातांना नुसते जेल लावून भागत नाही, हेही खरे. पण साबण आणि वाहते पाणी असते ना!

लंडनच्या मडशूट फार्मवर जाऊन पाहा. मिलवॉल गोदीतल्या गाळाची ही टेकाडे. १९७० च्या दशकात इथे उंच इमारती येणार होत्या, रहिवाशांनी तो बेत हाणून पाडला. आज बत्तीस एकर, प्रवेश फुकट. कॅनरी व्हार्फच्या मनोऱ्यांसमोर आमची नात मेंढीच्या लोकरीत बोटे खुपसते. (शेळ्यांपासून पिशव्या सांभाळा.) डबा मात्र हात धुऊन, जनावरांपासून दूर उघडावा.

– एक आजोबा, लंडन