दोष केवळ हाताचा नव्हे

'आरटीएक्स ४०९०' या संगणकीय ग्राफिक्स कार्डाच्या वीजजोडण्या वितळल्याच्या तक्रारी २०२२ च्या ऑक्टोबरात आल्या. प्लग पुरता न बसल्याने हे घडते, असा निर्वाळा एनव्हिडियाने दिला. पण प्रश्न तेवढ्याने मिटत नाही. जुन्या आठ पिनांच्या जोडणीवर १५० वॅटांची मर्यादा होती. नव्या जोडणीच्या बारीक पिनांवर ६०० वॅटांपर्यंत भार आला. म्हणजे १२ व्होल्टला ५० अँपिअर, आणि तो वाहणार अवघ्या सहा पिनांतून! एकीचा स्पर्श सैल झाला की इतर तापणारच. २०२३ मध्ये संवेदक पिना आखूड केल्या गेल्या, जेणेकरून अर्धवट बसलेल्या प्लगातून वीज वाहू नये. सुधारणा स्वागतार्ह खरी, पण उशिराची. माणसाचा हात चुकणार, हे गृहीत धरूनच मानके ठरवावयास हवीत.