दुसरी शिट्टी कोण वाजवणार?

शाळेच्या मॅचला एक रेफरी पुरतो, असं आपण किती सहज म्हणतो! पण त्या एकट्याला डोळे दोनच असतात आणि कोर्टवर मुलं असतात दहा.

मागच्या वर्षीची गोष्ट. निर्मळजवळच्या एका मैदानावर १४ वर्षांखालच्या मुलींची बास्केटबॉल मॅच होती. दुसरे पंच आलेच नाहीत. कॉलेजात खेळतो म्हणून माझ्या हातात शिट्टी आली आणि अख्खी मॅच मी एकट्याने घेतली. तिसऱ्या क्वार्टरला फास्ट ब्रेक झाला. बॉलमागे मीही धावलो. तेवढ्यात पाठीमागे धप्पकन आवाज. वळून बघतो तर एक मुलगी गुडघा धरून बसलेली. कुणी ढकललं, की तीच घसरली? बाहेर बसलेल्या सगळ्यांनी पाहिलं होतं, मी सोडून. मॅच संपल्यावर तिने एवढंच विचारलं, ‘‘दादा, तुला दिसलंच नाही?’’

नाही दिसलं. एकट्याला ते दिसणारही नव्हतं.

साधा हिशेब करा. कोर्ट २८ मीटर लांब, १५ मीटर रुंद. बॉल एकाच्या हातात, म्हणजे नऊ जण बॉलशिवाय. जर्सी ओढणं, कोपर मारणं, उडी मारलेल्याच्या पायाखाली जाणं हे बहुतेक या नऊ जणांतच चालतं. कार्तिकातल्या निर्मळच्या जत्रेत एकच हवालदार उभा केला तर जे होईल, तेच इथे होतं.

पंच दोन असले की कामाची वाटणी होते. एक बास्केटपाशी एंडलाइनवर, दुसरा मागे. बॉल ज्याच्या भागात, तो बॉलवर लक्ष ठेवतो, दुसरा बाकीच्यांवर. फास्ट ब्रेक झाला की मागचा पुढे पळतो आणि एंडलाइनवरचा सगळ्यांच्या मागून येतो. माझ्या पाठीमागे जे घडलं, ते त्याच्या डोळ्यांसमोर घडलं असतं.

ही काही आजची चैन नाही. १८९१ साली जेम्स नेस्मिथ यांनी हा खेळ शोधला, तेव्हाच्या १३ नियमांतच दोन अधिकारी होते. अंपायरने माणसं बघायची, रेफरीने बॉल. आजचे ‘फिबा’चे नियमही एक मुख्य पंच आणि त्याच्या जोडीला एक किंवा दोन अंपायर सांगतात. सुरुवातीपासूनच एकटा पंच, असं त्या पुस्तकात नाहीच. आपली कबड्डी बघा. मैदान बास्केटबॉलच्या निम्म्याहूनही लहान, तरी एक सरपंच आणि दोन पंच लागतातच ना?

मग थेट तीनच का नकोत? मोठ्या स्पर्धेत हवेतच. पण तालुक्याला एकाच कोर्टवर दिवसभर मॅचेस चालतात. तिथे तीन जण मिळालेच, तर दोघांनी शिट्टी घ्यावी, तिसऱ्याने टेबलावर बसावं आणि दर मॅचला जागा बदलाव्यात. चौथ्या मॅचला पाय ओढत धावणाऱ्या तीन पंचांपेक्षा ताजेतवाने दोन बरे. तिसरा पंच फायनलला उभा करा. पण दोनाच्या खाली यायचं नाही, मॅच कितीही ‘छोटी’ असो.

खरं तर छोट्या मॅचलाच जास्त लक्ष लागतं. मोठे खेळाडू स्वतःला सांभाळतात. तेरा वर्षांच्या मुलीला कसं पडायचं हेही ठाऊक नसतं. त्यात स्पर्धा बाद पद्धतीची, हरलात की घरी. पुढे जिल्हा, राज्य, दहावी-बारावीचे सवलतीचे गुण या सगळ्याची वाट याच मैदानावरून जाते. आणि पंचांची पाठ वळली की काहीही चालतं, हे एकदा शिकलेलं मूल ते विसरत नाही.

आयोजक म्हणतील, मानधनाला पैसे नाहीत, माणसं नाहीत. पैशांचं खरं असेल. माणसांचं मात्र मला पटत नाही. शाळेत असताना खेळलेले आणि अकरावीला क्लासच्या नादात बूट माळ्यावर टाकलेले आपल्यात किती जण आहेत? आधी टेबलावर बसा, स्कोअरशीट लिहा, घड्याळ सांभाळा. मग जाणत्या पंचांसोबत दुसरी शिट्टी घ्या. चुका होतील, शिव्याही बसतील. आवडलं तर संघटनेची पंच परीक्षा द्या. आयोजकांनीही एवढं करावं : प्रवासखर्च, जेवण आणि नवशिक्या पंचावर ओरडणाऱ्या पालकांना दोन शब्द.

त्या मुलीच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता मी एकट्याने मॅच घेत नाही. दुसरा पंच मिळेपर्यंत मॅच थांबवा, असं सरळ सांगतो. दर वेळी सर प्रेक्षकांकडे बघून विचारतात, ‘‘कुणी येतंय का रे?’’

तेव्हा मोबाइलमध्ये डोकं घालू नका. उठा.